शाळेच्या ग्रंथालयात परीकथा कुठे लावायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात मोजदाद संपते, पुस्तकं पुन्हा घोड्यांवर (म्हणजे पुस्तकांच्या उभ्या मांडण्यांवर) चढतात आणि टेबलावर दरवर्षी तोच एक ढीग उरतो: सिंड्रेला, पंचतंत्र, बिरबल, म्हातारी आणि भोपळा, चित्रांचं रामायण. हे पान मुंबईतल्या शाळांच्या ग्रंथपालांसाठी आहे. वर्ग सांभाळून ग्रंथालयाचा चार्जही ज्यांच्या गळ्यात पडला आहे अशा शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल. सगळीकडे ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार आकडा (वर्गांक) देण्याची पद्धत, गृहीत धरलं आहे. तुमच्याकडे नुसती ‘कथा’, ‘माहितीपर’, ‘इंग्रजी’ अशी तीन कपाटं असतील तरी आकडे सोडून बाकीचं लागू पडेल.

एका वाक्यात सांगा, परीकथा लावायच्या कुठे?

वर्गांक ३९८.२ द्या आणि तो कप्पा गोष्टींच्या पुस्तकांना खेटून लावा.

पुस्तक कशाबद्दल आहे ते वर्गांक सांगतो. घोडा खोलीत कुठे उभा करायचा, हे तो सांगत नाही. ३९८ आहे म्हणून पुस्तक ३८० आणि ४०० यांच्या मधेच अडकवलं पाहिजे असा नियम कुठेच नाही. कोश आणि संदर्भग्रंथ आपण वर्गांक न बदलता दारापाशी वेगळे ठेवतोच. परीकथांनाही तीच सवलत द्या आणि घोड्यावर पाटी लावा. बहुतेक भांडणं आकडा आणि जागा यांची गल्लत झाल्यामुळे होतात.

पण परी, राक्षस हे सगळं काल्पनिक. मग ते ३०० मध्ये, समाजशास्त्रांत कसं?

मेल्व्हिल ड्यूई यांचं वर्गीकरण १८७६ सालचं. त्यात ३९० म्हणजे चालीरीती आणि त्यातच ३९८ म्हणजे लोकसाहित्य. ८०० चा साहित्य विभाग भाषेनुसार, साहित्यप्रकारानुसार आणि मग लेखकानुसार लावला जातो. लोककथेला एक लेखकच नसतो. ती एका समाजाने सांगत आणलेली असते. म्हणून तिची सोय चालीरीतींजवळ केली. ग्रिम बंधूंचे खंड १८१२ आणि १८१५ साली आले, पण त्यातल्या गोष्टी त्यांनी गोळा केलेल्या होत्या. त्यामुळे जर्मन साहित्यात न जाता त्या ३९८.२ मध्ये जातात. शेजारीच ३९८.६ म्हणजे कोडी, ३९८.८ म्हणजे बडबडगीतं आणि ३९८.९ म्हणजे म्हणी.

तर्क ठीक आहे, पण दुसरीतलं मूल त्या तर्काने चालत नाही. त्याला गोष्ट हवी असते आणि ते गोष्टींच्या घोड्यापाशी येतं. तिथे परीकथा नसल्या तर ती आपल्याकडे नाहीतच असं समजून परत जातं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पंचसूत्रीतलं (१९३१) चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. इथे वाचक आठ वर्षांचा आहे आणि त्याच्या हातात ग्रंथालयाची एकच तासिका आहे.

मग सरळ कथा-कादंबऱ्यांतच मिसळल्या तर?

करू नका. मिसळल्या की त्या लेखकाच्या आडनावाने लागतात, आणि एकाच सिंड्रेलाची सहा पुस्तकं पुनर्कथन करणाऱ्या सहा जणांच्या नावांखाली सहा ठिकाणी विखुरतात. काही बालपुस्तकांवर तर नावच नसतं, नुसतं ‘संपादक मंडळ’. शिवाय चौथी-पाचवीला लोककथांवर प्रकल्प आला की बाईंना सगळ्या लोककथा एका जागी लागतात.

अँडरसनच्या कथा कुठे? त्या तर त्यानेच लिहिल्या ना?

हो. हान्स क्रिस्तियन अँडरसन (१८०५ ते १८७५) हा लेखक, त्याच्या कथा त्याने रचलेल्या, आणि काटेकोरपणे पाहिलं तर त्या डॅनिश साहित्यात, ८३९.८१ मध्ये जातात. शाळेत असं करू नये. मराठीत मुलांसाठी मिळणाऱ्या त्याच्या बहुतेक आवृत्त्या संक्षिप्त पुनर्कथनं असतात. जलपरी आणि हिमगौरी यांच्यात मूल फरक करत नाही, आणि ८३९ चा घोडा शाळेत बहुधा नसतोच. अँडरसनला ३९८.२ मध्ये घ्या आणि हा अपवाद आहे असं नियमवहीत एका ओळीत लिहून ठेवा. लिहिलं नाही तर पुढचा चार्जवाला त्याला हलवणार, त्याच्या पुढचा परत आणणार.

बाकी लेखकांसाठी मात्र नियम पाळा. गोष्ट लेखकाने स्वतः रचली असेल तर ती साहित्यात, मग तिच्यात कितीही पऱ्या असोत. रत्नाकर मतकरींच्या ‘निम्मा शिम्मा राक्षस’मध्ये राक्षस आहे म्हणून ते लोककथांत जात नाही. ते मराठी नाटक आहे आणि त्याची जागा ८९१.४६२ मध्ये आहे.

हे ओळखायचं श्रेयपानावरून. ‘पुनर्कथन’, ‘संकलन’, ‘रूपांतर’, ‘शब्दांकन’ असं छापलेलं असेल तर बहुधा ३९८.२. नुसतं ‘लेखक’ छापलं असेल तर थांबा, कारण आपल्याकडे जुनी गोष्ट पुन्हा सांगणाऱ्यालाही सर्रास लेखक म्हणून छापतात. पहिली दोन पानं वाचलीत की गोष्ट ओळखीची निघते किंवा नाही.

पंचतंत्र, हितोपदेश, इसापनीती?

मुलांच्या आवृत्त्या ३९८.२ मध्ये. मूळ संस्कृत संहिता किंवा सटीप भाषांतर असेल तर ८९१.२, आणि ते शिक्षकांच्या कपाटात.

रामायण, महाभारत, कृष्णाच्या गोष्टी परीकथांजवळ ठेवल्या तर पालक रागावतात. काय करावं?

पालकांचं बरोबर आहे, आणि वर्गीकरणही त्यांच्याच बाजूचं आहे. ज्या धर्माचे अनुयायी आज आहेत, त्याच्या ग्रंथांतल्या कथा २०० मध्ये, म्हणजे धर्माच्या विभागात जातात. ड्यूईत रामायण २९४.५९२२, महाभारत २९४.५९२३, पुराणं २९४.५९२५. शाळेत एवढे लांब आकडे लेबलावर मावत नाहीत आणि मुलांना वाचताही येत नाहीत, म्हणून २९४.५ वर थांबा.

खरी कसोटी पुढे आहे: हाच नियम सगळ्यांना सारखा लावायचा. बायबलमधल्या गोष्टी २२० मध्ये, इस्लाममधल्या पैगंबरांच्या कथा २९७ मध्ये. गणपतीच्या गोष्टी धर्मात आणि नोहाची नौका परीकथांत, अशी मांडणी नकळत होते. याला कारण असतं पुस्तकाचं मुखपृष्ठ: रंगीत, प्राण्यांनी भरलेलं, इंग्रजी मजकुराचं. घाईत चाळणारा त्याला प्राण्यांच्या गोष्टींत टाकून मोकळा होतो.

जातककथांवर दोन मतं आहेत. पुष्कळ शाळा त्या पंचतंत्राशेजारी ठेवतात, कारण माकड, मगर, हत्ती तेच. आमचं मत २९४.३ च्या बाजूने आहे. मुंबईत बौद्ध कुटुंबांतली मुलं जवळपास प्रत्येक शाळेत आहेत आणि त्यांच्यासाठी या बोधिसत्त्वाच्या कथा आहेत. मात्र पुस्तकात बुद्धाचा उल्लेखच नसेल, नुसत्या प्राण्यांच्या नीतिकथा असतील, तर ३९८.२ चालेल. ग्रीक पुराणकथा २९२ मध्ये.

मुलांना गोष्टींच्या कप्प्यापाशी उभं राहून हेही दिसावं असं वाटत असेल तर तिथे एक पाटी लावा: ‘रामायण, महाभारत, जातक, बायबलच्या गोष्टी पुढच्या घोड्यावर, २००’. खाली बाण. पाटी दोन ओळींत संपवा; त्याहून मोठी कोणी वाचत नाही.

श्रावणातल्या कहाण्या?

‘आटपाट नगर होतं’ने सुरू होऊन ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’वर संपणारी कहाणी घडणीने पक्की लोककथा आहे. पण पुस्तकात पूजेचा विधी, साहित्य, आरत्या असतील तर ते व्रताचं पुस्तक आहे, २९४.५. नुसत्या कहाण्या गोष्टी म्हणून सांगितल्या असतील तर ३९८.२. अनुक्रमणिका पाहून एका मिनिटात कळतं.

बिरबल, तेनालीराम ही तर खरी माणसं. चरित्रांत घालायचं का?

नाही. माणसं इतिहासातली असली तरी गोष्टी लोकांनी रचलेल्या, म्हणून ३९८.२. विक्रम-वेताळ आणि सिंहासन बत्तिशी यांचंही तेच. हिरकणीचं पुस्तक एकट्या तिच्या गोष्टीचं असेल तर इथे. शिवचरित्राचा भाग म्हणून असेल तर चरित्राबरोबर. स्वतः शिवाजी महाराजांवरचं कोणतंही पुस्तक, कितीही बाळबोध असलं तरी, या कप्प्यात येता कामा नये.

कॉमिकच्या मालिका मोडायच्या का?

अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत सुरू केलेली अमर चित्र कथा हे सगळ्यात अडचणीचं उदाहरण. एकाच मालिकेत पुराणं, जातक, पंचतंत्र, बिरबल आणि चरित्रं. विषयवार फोडली तर मालिका पाच ठिकाणी जाते आणि मुलं ‘ती कॉमिक्स कुठे गेली?’ विचारत टेबलापाशी गर्दी करतात. मुलं ती मालिकेच्या नावाने मागतात, म्हणून मालिका एका खोक्यात एकत्र ठेवा, लेबलावर ७४१.५ आणि खाली मालिकेची अक्षरं. वर्गीकरणाच्या शुद्धतेचा एवढा बळी द्यायला हरकत नाही. ‘किशोर’ आणि ‘चांदोबा’चे बांधीव अंक नियतकालिकांतच राहू द्या.

३९८.२ च्या आत क्रम कसा लावायचा?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी दोन गठ्ठे करा. पहिला, एका पुस्तकात एकच गोष्ट. दुसरा, कथासंग्रह.

एका गोष्टीची पुस्तकं गोष्टीच्या नावाने लावा, पुनर्कथनकाराच्या नावाने नको. लेबलावर ३९८.२ आणि खाली गोष्टीच्या नावाचं पहिलं अक्षर किंवा दोन अक्षरं: ‘सिं’, ‘हिम’, ‘भोप’. त्यासाठी ठरलेल्या नावांची यादी लागते, कारण एकच गोष्ट चार नावांनी येते. ‘स्नो व्हाइट’, ‘हिमगौरी’, ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही सगळी ‘हिम’खाली. ‘चल रे भोपळ्या’, ‘म्हातारी आणि भोपळा’, ‘टुणुक टुणुक’ सगळी ‘भोप’खाली. ‘काऊचं घर शेणाचं’ आणि ‘चिमणी-कावळा’ दोन्ही ‘चिऊ’खाली. वहीत दोन पानं पुरतात. नवं नाव आलं की आधी यादी पाहायची, मग लेबल लिहायचं.

नावाच्या सुरुवातीचे काही शब्द सोडून द्या: ‘एक होता’, ‘एक होती’, ‘गोष्ट’, ‘सचित्र’, ‘निवडक’, ‘छान छान’, ‘१०१’. हे धरले तर निम्मा कप्पा ‘छ’ आणि ‘नि’खाली साचतो.

कथासंग्रह प्रदेशानुसार लावा. भारतातल्या लोककथा ३९८.२०९५४. शाळेत एवढा लांब आकडा नको असेल तर ३९८.२ खाली ‘भारत’, ‘जपान’, ‘रशिया’, ‘आफ्रिका’ असा शब्द लिहा. मुलं शब्द वाचतात, दशांशानंतरचे आकडे नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ‘ओल्ड डेक्कन डेज’ची एखादी पुनर्मुद्रित प्रत असते. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने तो संग्रह १८६८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केला आणि त्यातल्या गोष्टी तिला ॲना लिबराटा डिसूझा या आयाने सांगितल्या होत्या. संकलक इंग्रज म्हणून तो इंग्रजी कथांत जाताना दिसतो. त्याची जागा ‘भारत’ इथेच.

दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांची लोकसाहित्यावरची अभ्यासाची पुस्तकं नुसत्या ३९८ ला, शिक्षकांच्या कपाटात.

अक्षरक्रमाबद्दल एक सूचना. मुलं शिकतात त्या क्रमात ह, ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकाच्या साध्या युनिकोड क्रमात ‘क्ष’ हा ‘क’मध्ये, ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये आणि ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे पडतो. संगणकावरची यादी आणि कप्पा जुळत नाही तेव्हा पुस्तक हरवलं असं जाहीर करण्याआधी हे तपासा. पहिली ते चौथीच्या कप्प्यात पहिल्या अक्षरापुरताच क्रम पाळा आणि प्रत्येक अक्षराला पुठ्ठ्याची उभी पट्टी लावा.

बारीक पिनवाल्या पुस्तकांना पाठच नसते. लेबल कुठे लावायचं?

१६, २४ किंवा ३२ पानांची, मधोमध दोन पिना मारलेली पुस्तकं म्हणजे परीकथांच्या कप्प्याचा मोठा भाग. ३२ पानांच्या पुस्तकाची जाडी साधारण ३ मिलिमीटर. उभी लावली तर फूटभरात शंभर बसतात आणि त्यातलं एकही ओळखू येत नाही. मूल एक ओढतं, सोबत पाच बाहेर येतात, कडा मुडपतात.

लेबल मुखपृष्ठावर, घडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात लावा. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी पुस्तकांत तो डावा वरचा कोपरा. उर्दू पुस्तक उलट्या बाजूने उघडतं, तेव्हा तिथे उजवा वरचा. हे विसरून उर्दू पुस्तकांनाही डावीकडे लेबल लावलं की ते सुट्या कडेला येतं आणि महिन्याभरात पानं उलटताना बोटांनी निघतं. वरचाच कोपरा का? खोक्यातली पुस्तकं मुलं वरून चाळतात. खालचं लेबल त्यांना दिसत नाही. शीर्षकच त्या कोपऱ्यात छापलं असेल तर लेबल घडीलगत थोडं खाली घ्या.

१० सेंटिमीटर रुंदीच्या मासिकांच्या खोक्यात अशी तीसेक पुस्तकं मावतात. वीसच ठेवा, नाहीतर चाळायला जागा राहत नाही. खोक्यावर अक्षर आणि एक चित्र.

लेबलावर सेलोटेप मारू नका. मुंबईच्या दमट हवेत तिच्या कडा सुटतात, डिंक बाहेर येतो, शेजारचं पुस्तक चिकटतं आणि सोडवताना त्याचं मुखपृष्ठ सोलतं. जाड कागदाचं लेबल पातळ फेविकॉलने लावा आणि वाळेपर्यंत रात्रभर वजनाखाली ठेवा. वर्गांक शीर्षकपानाच्या मागे पेन्सिलनेही लिहा. लेबल पडलं तरी पुस्तक अनाथ होत नाही.

खाऱ्या हवेने पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तपकिरी डाग पडतात. गंजलेली पिन चपट्या पात्याने उलगडून काढा, त्याच छिद्रांतून जाड सुती दोरा ओवा, गाठ आतल्या बाजूला मारा. नवी पिन मारली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. दोरीवर पुस्तकं टांगत असाल तर चिमटा लावू नका, मधल्या पानावर उघडून दोरीवर घाला.

दाखल नोंदवहीत काही बदलायचं का?

दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आल्यावर नोंदवहीत त्याला मिळालेला क्रमांक, कधीही बदलायचा नाही, आणि खाडाखोड तर मुळीच नाही. बदलतो तो वर्गांक. त्याचा रकाना असेल तर जुना आकडा एका रेघेने काटून शेजारी नवा, तारीख आणि सही. तपासणीला येणारे अधिकारी नोंद, शिक्का आणि प्रत्यक्ष पुस्तक यांचा मेळ बघतात. कप्पा कुठल्या भिंतीला आहे हे नाही.

शिक्क्यावरून आणखी एक. गुप्त पान (प्रत्येक पुस्तकात शिक्का मारायचं ठरलेलं आतलं पान) म्हणून १७ किंवा २५ ठरवलेलं असेल तर १६ पानी गोष्टीच्या पुस्तकात ते पानच नसतं आणि मोजदादीत ‘शिक्का नाही’ असा शेरा येतो. बारीक पुस्तकांसाठी वेगळं गुप्त पान, समजा ५ वं, ठरवून वहीत नोंदवा.

एका इमारतीत चार माध्यमांच्या शाळा भरतात. परीकथा एकत्र की भाषेनुसार?

महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत चालतात, आणि एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं असणं नेहमीचं. खोली एकच असेल तर आधी भाषा, मग वर्गांक. पण प्रत्येक भाषेच्या घोड्यावर परीकथांचा कप्पा त्याच उंचीवर ठेवा, उदाहरणार्थ खालून दुसरा. मग हिंदी माध्यमातून मराठी घोड्याकडे आलेलं मूल विचारायला न थांबता तिथेच हात घालतं. द्विभाषिक पुस्तकं ज्या भाषेची पुस्तकं कमी, तिकडे. भाषेसाठी लेबलाच्या कडेला रंगीत पट्टी द्या. लाल टाळा, खिडकीच्या उन्हात तो सगळ्यांत आधी उडतो.

कप्पा किती उंचीवर? आणि पावसाळ्याचं काय?

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सर्वांत वरचा कप्पा जमिनीपासून ४ फुटांच्या आत असावा. म्हणजे परीकथा खालच्या कप्प्यांत जाणार, आणि मुंबईत खालच्या कप्प्यालाच पाणी आधी गाठतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस रोज येत नाही. पण हिंदमाता, शीव, कुर्ला अशा सखल भागांत तळमजल्यावरच्या खोलीत घोट्याएवढं पाणी यायला त्याच्या चतुर्थांशही पुरतो.

ग्रंथालय तळमजल्यावर असेल तर सर्वांत खालचा कप्पा मोकळा सोडा किंवा त्यात फक्त प्लास्टिकच्या झाकणाचे डबे ठेवा, आणि परीकथा जमिनीपासून दीड ते साडेतीन फुटांच्या पट्ट्यात बसवा. लहान मुलं दीड फुटावरचं बसून वाचतात, साडेतीन फुटांवरचं उभं राहून काढतात. मोठ्या सुट्टीला शाळा बंद होण्याआधी खालच्या दोन कप्प्यांतलं सगळं वर हलवा. जूनमध्ये येऊन करू म्हटलं की पहिला पाऊस आधी येतो.

घोडा भिंतीपासून किमान ४ इंच पुढे ओढा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाच्या पाठीवर ओल धरते आणि मागच्या ओळीतल्या पुस्तकांवर बुरशी येते; ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, कारण मागची ओळ कोणी काढतच नाही. परीकथांची मागची ओळ ठेवूच नका. कप्पा तीन चतुर्थांश भरला की थांबा, हवा खेळली पाहिजे. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या कप्प्यात कधीही टाकू नका. त्या पांढऱ्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी आहेत. महिन्यातून एकदा पुस्तकं काढून कोरड्या फडक्याने पुसणं जास्त उपयोगी.

संगणकावर परीकथा सापडत नाहीत.

कारण बहुधा फॉन्ट. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाईप झालेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, शोधलं की शून्य. ग्रंथालयाची संगणकप्रणाली ई-ग्रंथालय असो की कोहा, अशा नोंदी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. ते झालं की विषयाच्या रकान्यात ‘परीकथा’ आणि ‘लोककथा’ दोन्ही शब्द टाका. मुलं पहिला शब्द वापरतात, शिक्षक दुसरा.

सगळ्या परीकथा सगळ्या वयांना देता येतात का?

नाही. ग्रिमच्या असंक्षिप्त भाषांतरांत हातपाय तोडणं, मुलांना जंगलात सोडून देणं सरसकट आहे. अरबी सुरस कथा आणि कथासरित्सागर यांच्या संपूर्ण आवृत्त्या मोठ्यांसाठीच आहेत. वर्गांक तोच ठेवा, लेबलावर एक काळा ठिपका द्या आणि पुस्तक आठवीच्या पुढच्या घोड्यावर लावा. जाड पुस्तक देणगीत आलं की मुखपृष्ठावरची परी पाहून ते खालच्या कप्प्यात टाकलं जातं. आधी चाळा.

चेटकीण, भुतं नकोत अशी तक्रार आली तर?

पुस्तक घोड्यावरून लगेच काढू नका. तक्रार लेखी घ्या, पुस्तक मुख्याध्यापक आणि एका भाषाशिक्षकाला पूर्ण वाचायला द्या. बहुतेक वेळा वयाचा घोडा बदलला की प्रश्न मिटतो.

सिनेमावरून काढलेली राजकन्यांची पुस्तकं, स्टिकरची पुस्तकं?

गोष्ट जुनीच असेल तर ठरलेल्या नावाखाली, ३९८.२ मध्ये. सिनेमासाठी नव्याने लिहिलेली असेल तर कथांत. स्टिकरची, रंगवायची, पानातून आवाज काढणारी पुस्तकं दाखल करूनच घेऊ नका. एका वर्गाच्या हाताखालून गेली की त्यात देण्यासारखं काही उरत नाही आणि निर्लेखनाची (पुस्तक नोंदीतून कमी करण्याची) कागदपत्रं मात्र मागे लागतात. देणगीत आली तर थेट पहिलीच्या वर्गशिक्षिकेकडे द्या.